कोरा पडदा

आमच्या ऑफिसातली सर्व्हरची खोली बंद होणार होती. तिथले आम्ही दोघं टावर चौकातल्या क्लासात क्लाउडचं काम शिकायला जायचो. परीक्षेनंतर नोकरीवर एकालाच ठेवणार होते.

माझ्या जोडीचे ते सहकारी माझ्याहून वयाने बरेच मोठे. सराव संपला की त्यासाठी पडद्यावर उभा केलेला सर्व्हर पुसून टाकावा लागे. त्याआधी ते हात जोडायचे. क्लासातली पोरं हसायची, "अंकल, आरती भी कर लो!"

"राबलाय बिचारा," ते म्हणायचे.

परीक्षेत सर्व्हरचा आराखडा मांडायचा होता, पण मला काही सुचेना. शेजारच्या त्यांच्या पडद्यावरून मी आख्खा आराखडा उतरवला. त्यांनी ते पाहिलं. दोन आराखडे सारखे निघाले तर दोघंही बाद, असा नियम होता. मग त्यांनी स्वतःचाच आराखडा पुसला आणि कोरा पडदा जमा केला. मी खाली मान घालून माझा जमा केला.

ती नोकरी आज मी करतो. माधव नगरात ते दिसले की मी रस्ता बदलतो, तरी ते पलीकडून हाक मारतातच, "भैया, काही अडलं तर विचारा हं!"

रोज अडतं. मी अजून विचारलेलं नाही.