चाकामागची उटी

त्या माणसाचा चेहरा मी नीट पाहिलाच नाही. आठवतो तो डोक्याचा लाल टॉवेल आणि काचेवर टकटक करणारं जाड बोट.

नवी छोटी एसयूव्ही घेऊन मी पहिल्यांदाच एकटी कोल्हापूरहून कुरुंदवाडला आईकडे निघाले होते. पुलाच्या चढावर पुढच्या गाड्या थांबल्या. पुन्हा निघताना माझी गाडी बंद पडली आणि हातभर मागे घसरली. मागे उसाचा ट्रॅक्टर होता. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसले.

ट्रॅक्टरवाला उतरला. शिव्या देईल म्हणून मी काच वर केली. तो वाकला, माझ्या मागच्या चाकामागे लाकडाची उटी, म्हणजे गाडी घसरू न देणारा ठोकळा, लावली आणि काचेवर टकटक केली. मी काच बोटभर खाली घेतली.

"वैनी, उटी लावलीया. चालू करा आन् ब्रेक सोडा."

"आधी तुम्ही बाजूला व्हा. गाडी मागं येईल."

"न्हाय येत. मीच मागं हुबा ऱ्हातो. आली तर पयला मीच हाय की तितं! मला भ्या न्हाय, मग तुमाला कशाला?"

तो खरंच गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. परक्या माणसाचा जीव माझ्या पायाखाली होता. डोळे मिटावेसे वाटले, तरी मी गाडी चालू केली, ब्रेक सोडला आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी थरथरली आणि पुढे गेली.

आरशात तो उटी उचलताना दिसला. आभार मानायला थांबावं असं फार वाटलं. पण चढ अजून संपला नव्हता. मी थांबले नाही.