नवी बॅरल
गॅरेजमध्ये मशीनच्या तेलाचा वास आला की टेक्सासमधल्या शुगर लँडचे आमचे शेजारी काका आठवतात. रिटायर्ड इंजिनिअर, आणि नेमबाजीचा भारी नाद. हात थरथरू लागले, गोळ्या टार्गेटभर विखुरू लागल्या, तेव्हा ‘बॅरलच झिजलीय’ म्हणत त्यांनी रिव्हॉल्व्हरला नवी नळी बसवून घेतली. भर उकाड्यात मी त्यांना नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेलो. गोळ्या पुन्हा कुठच्या कुठे गेल्या. “तू मारून बघ रे,” ते म्हणाले. मी नवशिका, तरी माझ्या सगळ्या मधोमध, एकमेकींना चिकटून लागल्या. काकांनी टार्गेटचा कागद काढला, घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, “जुनीच परत बसवून घेऊ या.” आज सकाळी माझ्या हातातला चहा हिंदकळून सांडला. बायको बघत होती. मी म्हटलं, “या कपाचा कानच धड नाही.”