ताटातला सर्ज प्रोटेक्टर

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. साजगावच्या कारखान्यात मी बॉयलर सांभाळायचो आणि एक ताई तिथले मीटर-सेन्सर बघायच्या. पॅनल उघडण्याआधी अर्थिंगच्या पट्टीला बोट टेकवायच्या, देवळाच्या उंबऱ्याला टेकवावं तसं. सेन्सरकडून येणाऱ्या प्रत्येक तारेवर त्यांनी बोटाएवढा सर्ज प्रोटेक्टर बसवला होता.

"विजेचा झटका आला तर हा जमिनीत सोडतो, दादा. मग कार्ड जळत नाय, आकडा खरा राहतो."

"आभाळाला एवढं कोण घाबरतं?" म्हणत मी त्यांचं 'भित्र्या बाई' असं नाव पाडलं. ते सगळ्यांनी उचललं.

परतीच्या पावसात शेडजवळ वीज पडली. जाळ आपोआप बंद करणारा कटऑफ अडकला, पण दाबाचा आकडा चढताना मला पडद्यावर स्वच्छ दिसला. मी हातानं इंधन बंद केलं. नंतर त्यांनी काळा पडलेला प्रोटेक्टर काढून तळहातावर घेतला.

"हा गेला. तुमी हाय ना?"

दसऱ्याच्या यंत्रपूजेला त्यांनी तोच ताटात पान्यांशेजारी ठेवला. मी मनापासून झेंडू वाहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "भित्र्या बाईंचा देव!" सगळे हसले, मीही हसलो. त्यांनी फक्त फूल सरळ केलं.

आज मी आहे तो त्यांच्यामुळे. दहिवलीच्या बाजारात भेटल्या की विचारतात, "बरं हाय ना, दादा?"

"बरं आहे, ताई," म्हणून मी भाजी निवडू लागतो. 'ते नाव मी पाडलं, मला माफ करा,' एवढं अजून तोंडातून निघालेलं नाही.