डबा हलवून खाऊ ओळखायचा

रविवारी सकाळी सुनेने ऑनलाइन मागवलेला एक खोका घरी आला. आत रंगीत वाळू, पिशवीत कसल्याशा बिया, हात घालून वस्तू ओळखायची एक कापडी थैली... नातीसाठी. याला सेन्सरी प्ले म्हणतात, असं मला समजावून सांगण्यात आलं. मी मान डोलावली आणि मनाने थेट धुळ्याला पोचले.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी दहा वर्षांची, आणि आमच्या गल्लीत माझ्याइतकी भांडखोर पोरगी दुसरी नव्हती. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भोंडल्यासारखी आमच्याकडची गुलाबाईची मूर्ती बसली की कोजागिरीपर्यंत महिनाभर आम्हा मुलींचं राज्य. रोज संध्याकाळी घरोघरच्या अंगणात गाणी म्हणायची, मग त्या घरची मुलगी झाकणबंद डबा आणायची. डबा हलवून, वास घेऊन आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. ओळखला नाही तर त्या मुलीची कॉलर टाइट... फ्रॉकला कॉलर नसली तरी.

त्या वर्षी शेजारच्या शेवंताकाकूंकडे त्यांची भाची आली. पिंपळनेरची सुमी. लहानपणी गोवरात तिचे डोळे गेले होते. गावी ती दिवसभर ओट्यावर बसून असायची म्हणून काकूंनी तिला आणलं होतं. चार पोरींत रमली तर ठेवून घेऊ, नाहीतर कोजागिरीनंतर परत पोचवू, असं त्यांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. आईने मला बजावलं, तिला हाताला धरून ने.

नेलं. आणि पस्तावले.

पहिल्या संध्याकाळी सुमीने फुटाणे ओळखले. दुसऱ्या संध्याकाळी बत्तासे, तिसऱ्या दिवशी खोबऱ्याचा कीस आणि साखर. नुसता डबा कानाशी धरायची आणि सांगून मोकळी. बाकीच्या मुली कुरकुरायला लागल्या, हिला आणलं कुणी म्हणून. बोट माझ्याकडेच होतं.

चौथा दिवस आमच्या घरचा. मी आईला गुळाचा शिरा करायला लावला आणि तो डब्यात असा ठासून भरला की आवाजाचं नाव नको. वास येऊ नये म्हणून वर दोन पंचे गुंडाळले. आता बघतेच हिच्याकडे, असं मनात म्हणत होते... काय सांगू, इतका दुष्टपणा दहाव्या वर्षी कुठून येतो कोण जाणे.

मुलींनी बर्फी म्हटलं, केळं म्हटलं, कुणी उकडलेलं रताळं म्हटलं. सगळ्या हरल्या. सुमीने डबा मांडीवर घेतला, दोन्ही तळवे खाली लावले, नाक पंच्याशी नेलं. मग हळूच म्हणाली की नाही येत ओळखता.

मी उड्या मारल्या. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने जिंकले जिंकले केलं. शिरा वाटून झाल्यावर तिला घरी सोडायला गेले, तेव्हा तिने माझा हात जरा दाबला आणि म्हणाली, "डबा गरम व्हता, तुपना वास उना. शिरा शे हाई माले समजनं व्हतं. पन मी बठ्ठं वयखी टाकं ते सकाय माले कोन बलाई?"

सगळंच ओळखून टाकलं, तर उद्या मला बोलावणार कोण... एवढंच तिचं म्हणणं. तक्रार नव्हती त्यात. तिला दारात सोडून मी घरी पळाले.

खरं सांगायचं तर लगेच शहाणपण सुचलं नाही. अख्खा दिवस गेला. दुसऱ्या संध्याकाळी मात्र सगळ्यांसमोर सांगून टाकलं की काल मी जिंकलेच नव्हते, सुमीला कळलं होतं. आणि आजपासून सुमी शेवटी ओळखणार, आपण सगळ्यांनी डोळे मिटून ओळखायचं. भांडखोर असण्याचा एक फायदा असतो, कुणी उलटून बोलत नाही.

डोळे मिटल्यावर आमची अशी फजिती झाली की विचारू नका. मग दिवसाही सुमीकडे शिकवणी सुरू झाली. काकूंच्या अंगणात गाईसाठी आणलेल्या सरकीचा ढीग असायचा, त्यात कोपरापर्यंत हात घालायचे. भुईमुगाच्या टरफलांवरून अनवाणी चालायचं. ओली माती, राख, चिंचेचा पाला, ऊन लागलेली फरशी... पायाला विचारा, असं ती म्हणायची. तिला न्यायला मग मला जावं लागलं नाही, पोरी आपणच तिच्या दारात जाऊन बसायच्या.

कोजागिरी झाली. गुलाबाई गेली, सुमी राहिली.

रविवारी तो खोका मी नीट बंद करून ठेवला. सुनेची परवानगी घेऊन, हो. एका स्टीलच्या डब्यात शेंगदाणे घातले, नातीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना खाली सोसायटीच्या बागेत नेलं आणि डोळे मिटायला लावले. एका मैत्रिणीला काही केल्या ओळखता येईना, ती रडवेली झाली. नात मला कानात म्हणाली, "आजी, मला कळलंय. पण आधी तिला ओळखू दे ना."

हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. मला मात्र शिकायला एक अख्खा दिवस लागला होता... सुमे, तुझी फार आठवण आली गं.