काउंटरमागचं डेथ मेटल

वडनेर भोलजीत आमचं मेडिकल आहे. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं, चालवतात माझे मिस्टर, पण परवाना माझ्या नावावर आहे, कारण घरात डी. फार्म. झालेली मी एकटीच. तपासणीला साहेब कधीही येऊ शकतात, म्हणून दुकान उघडं आहे तोवर मी काउंटरमागे हवीच. मी कुठे गेले तर शटर ओढावं लागतं, आणि भर दिवसा ओढलेलं शटर सासूबाईंना बघवत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी सलग चार दिवस बाहेर राहिले ती एकदाच, बाळंतपणाला.

या काउंटरमागे बसून मी डेथ मेटल ऐकते. डाव्या कानात इयरफोन, त्यावर ओढणी. उजवा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. ज्यांनी हे कधी ऐकलं नसेल त्यांना सांगायचं तर गिटार आणि ड्रम भयंकर वेगात असतात आणि गाणारा गात नाही, पोटातून गुरगुरतो. शब्द बहुधा कळत नाहीत.

मला ते चुकून मिळालं. चिखलीला शिकत असताना मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात गाणी भरून घेतली होती. हिंदी गाण्यांच्या एका फोल्डरमध्ये अकरा गाणी अशी निघाली. पहिलं लावलं तेव्हा वाटलं कार्ड खराब आहे. तेव्हा माझं लग्न ठरत होतं. निकाल लागायच्या आत तारीख निघाली आणि मला कोणी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना ते गुरगुरणं मी पुन्हा पुन्हा ऐकायचे. कोणीतरी माझ्या वतीनं ओरडतंय असं वाटायचं. कधी कधी रडू यायचं.

पुढे फोनवर एक ग्रुप सापडला. महाराष्ट्रातले डेथ मेटलवाले. तिथे मी एका हाडाचं लॅटिन नाव घेतलं आणि बाई आहे हे सांगितलं नाही. सगळ्यांनी मला पुरुष धरलं. दुकानात दुपारी दोन ते पाच फारसं कोणी येत नाही. त्या वेळात मी वाचून वाचून इतकं जमवलं, की कुठल्या बँडची पहिली कॅसेट कोणत्या गावातल्या तळघरात रेकॉर्ड झाली तेही सांगू शकायचे. ग्रुपवर एकच वाद कायम चालायचा, असली कोण आणि पोझर कोण. पोझर म्हणजे टी-शर्टापुरता मेटलवाला. साफ, चकचकीत रेकॉर्डिंग ज्याला आवडतं तो पोझर. शोला जाऊन गर्दीत धक्के न खाल्लेला तर पोझरच. एकदा मला कोणी विचारलं, तू किती शो पाहिलेस? मी लिहिलं, पुण्यात एकदा पुढच्या रांगेत होतो, कोणाचं तरी कोपर लागून दात पडला. त्या दिवसापासून माझ्या शब्दाला वजन आलं. नव्या माणसाची परीक्षा घ्यायला पाच प्रश्न असावेत असं ठरलं, तेव्हा ते प्रश्नही माझ्याकडूनच लिहून घेतले.

एकदा एका नव्या मुलानं लिहिलं, "मला शब्द कळत नाहीत, पण गाडीवर ऐकताना कधी कधी रडू येतं. असं कोणाला होतं का?"

मी लिहिलं, "रडायचं असेल तर भावगीतं ऐक. पोझर." मग बाकीचे तुटून पडले. तासाभरात तो निघून गेला.

त्यानंतर तीन वर्षं गेली. गेल्या वर्षी आमच्याकडे एका औषध कंपनीचे नवे एमआर यायला लागले. तिशीतले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. पहिल्याच दिवशी त्यांनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं. त्यावर काळा स्टिकर होता, पांढऱ्या रेघांचा नुसता गुंता.

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "काहो भाऊ, ह्या झाडाच्या मुया काऊन काढल्या टोपीवर?"

ते हसले. "मुया नाई आजी, बँडचं नाव आहे ते."

आणि मी ते नाव वाचलं. मोठ्यानं, सरळ. तोंडातून निघून गेलं.

त्यांनी बॅग खाली ठेवली. "मॅडम, हे तुमाले वाचता येते? आतापावतर कोणालेच नाई आलं."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "कॉलेजात एका मैत्रिणीकडे होतं असलं," मी म्हटलं.

सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या. ते हळूच म्हणाले, "मी एका ग्रुपात होतो. चार दिवसच. तिथं एक माणूस होता, लय असली. शोमधी दात पडला होता त्याचा. त्यानं मले पोझर म्हटलं. बरोबरच होतं त्याचं. मंग मी हिंमत करून एका शोले गेलो पुण्याले. पण ते छातीतच वाजते हो. भिंतीले टेकून उभा राह्यलो अन् अर्ध्यातूनच निघालो."

हे सगळं त्यांनी जराही न लपवता सांगितलं. आमच्या ग्रुपवर असं कोणीही कबूल केलं नसतं. मी ऑर्डर लिहीत होते, तिथे दोनदा तेच औषध लिहिलं.

पुढच्या फेरीला ते दुपारी आले. सासूबाई जेवायला आत होत्या, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. महिनाभर मी मनात जे घोळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"तो दात पडलेला माणूस," मी म्हटलं. "तो मीच."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दात दाखवा बरं."

मी ओठ वर केला. सगळे दात जागेवर होते.

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. "मी तीन वर्षं त्या माणसाले भेऊन राह्यलो, मॅडम. हे स्टिकर लावाच्या आधी बी इचार केला, आपल्याले हक्क आहे का म्हणून." मग विचारलं, "काऊन केलं तसं?"

"तुम्ही रडू येतं म्हणालात. मलाही यायचं. मला ते कधी लिहिता आलं नव्हतं."

त्यांनी हेल्मेट उचललं. "ठीक आहे," म्हणाले, आणि गेले. आजही ते महिन्याला येतात. खोकल्याच्या नव्या औषधाबद्दल बोलतात, सही घेतात, सासूबाईंना नमस्कार करतात. त्यापलीकडे एक शब्द नाही, आणि मला काउंटर सोडून कुठे जाता येत नाही.

त्यांना सांगितलं त्याच आठवड्यात मी ग्रुपवरही खरं लिहिलं. मी बाई आहे, गावात मेडिकलवर बसते, एकही शो पाहिलेला नाही, दाताचं खोटं होतं. पहिलं उत्तर आलं, "अकाउंट हॅक झालं वाटतं." दुसरं, "बाई असशील तर फोटो टाक." मग कोणीतरी पाच प्रश्न पाठवले. माझेच. पाचही उत्तरं मला झोपेतसुद्धा देता आली असती, पण दिली नाहीत. तेवढ्यात एक आजोबा शुगरच्या गोळ्या घ्यायला आले. त्यांना पट्टी कापून देईपर्यंत मला काढून टाकलं होतं.

माझा चेहरा बघून मिस्टरांनी विचारलं, "काय झालं वो?" मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. त्यांनी इयरफोन दोन्ही कानांत घातले आणि पूर्ण गाणं उभ्यानं ऐकलं. "हे तं थ्रेशरमधी काही अडकल्यावानी आहे," म्हणाले. मग इयरफोन परत देत, "पुण्याले होते का हे? जाऊ नं. पोरीची परीक्षा होऊ दे, दोन दिवस बंद ठेवू दुकान. मी सांगतो आईले."

"हाव," मी म्हटलं.

परीक्षा झाली. त्यानंतर नणंदेकडचं लग्न झालं, मग तापाची साथ आली आणि दुकान बंद ठेवायचा प्रश्नच उरला नाही. मीही विषय काढला नाही. मला जायचं आहे, की जाऊन आले असं म्हणता यायला हवंय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ते कळेपर्यंत विचारायचं नाही असं मी ठरवलंय. मिस्टरांना वाटतं, मी विसरले.