परवाची टेप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे बसले की कधी कधी अगदी ओठांवर येतं—आणि मी घाईघाईनं उदबत्ती शोधायला उठते. मग तुम्हाला का सांगतेय? तुमची माझी ओळख नाही, म्हणून असेल. किंवा परवा—नाही, हा शब्द आत्ता नको. गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळातल्या मुलींनी जुन्या रेडिओच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला होता. त्यात मी विमलताईंवर बोलले. फार छान बोलले म्हणे. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि घरी आल्यावर मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

विमलताई म्हणजे आमच्या हैदराबादच्या रेडिओवरचा मराठी आवाज. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, अर्धा तास मराठी कार्यक्रम लागायचा. बाकी सगळा दिवस तेलुगू आणि उर्दूचा. त्या अर्ध्या तासासाठी विद्यानगर, अंबरपेठेतल्या बायका कुकर आधी तरी लावायच्या नाहीतर नंतर तरी. मी लग्न होऊन पुण्याहून विद्यानगरात आले, तेव्हा या शहरात मला एकही ओळखीचा आवाज नव्हता. तेलुगू कळत नव्हतं, इथलं उर्दू डोक्यावरून जायचं. आणि एका संध्याकाळी रेडिओतून कुणीतरी विचारलं, ‘काय करायल्यात बायांनो? बसा की घटकाभर.’ मी खरंच पोळपाट बाजूला सारला आणि बसले. तुम्ही हसाल, पण बसले. किती दिवसांनी मला कुणीतरी बस म्हटलं होतं.

त्या परभणीकडच्या, शेतकरी घरातल्या. यजमान रेल्वेत होते, रोज नामपल्ली स्टेशनात ड्यूटी, घर अंबरपेठेत. त्यांच्या मराठीत ‘हौ’ होतं, ‘नक्को’ होतं, ‘परेशान’ तर वाक्याआड होतं. पहिल्यांदा ऐकताना पुण्याचं माझं मन जरा नाक मुरडायचं, हे कबूल करते. आणि तरीही पुढच्या आठवड्याची वाट बघायची. असं का, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

कळलं ते त्यांच्या शेजारी बसल्यावर. मी आवाजाची परीक्षा दिली, पास झाले आणि केंद्रावर अधूनमधून उद्घोषणा करायला जाऊ लागले. विमलताईंच्या हाताखाली शिकले ते सगळं आजही तसंच आठवतं. कागदांना टाचणी लावायची नाही. पानं सुटी, एकाशेजारी एक मांडायची, म्हणजे उलटताना माईकला सळसळ जात नाही. लाल दिवा लागायच्या आधी एकदा हसून घ्यायचं, मग आवाज आपोआप मोकळा निघतो. आणि सगळ्यात मोठं—मी पहिल्यांदा माईकसमोर बसले तेव्हा सभेत भाषण करावं तशी सुरू झाले. त्यांनी काचेपलीकडून हात हलवला, आत आल्या आणि म्हणाल्या, ‘कोणाला ओरडायलीस गं? आत गर्दी नाही. एकच बाई बसली हाय, आन् तिच्या हाताला पीठ लागलंय. तिला उठून रेडिओ बंद करता येईना, म्हणून ऐकायली. तिला तरास नक्को.’

एवढं कोण शिकवतं हो? आजकाल मुली मला विचारतात, आवाज कमवायला काय करावं. मी त्यांना पिठाच्या हाताची ती बाईच सांगते.

केंद्राच्या बोळकांडीतून जाताना एका दारातून तेलुगू बातम्या, पुढच्यातून उर्दू गप्पा आणि शेवटच्या दारातून विमलताईंचं हसणं यायचं. उर्दूवाले म्हातारे उद्घोषक त्यांना ‘आपा’ म्हणायचे, तेलुगूवाले ‘अक्का’. आपापलं काम संपलं की दोघंही काचेपलीकडे येऊन उभे राहायचे. मराठी पूर्ण समजत नव्हती त्यांना. ऐकत मात्र राहायचे. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटायचा आणि—आता लपवून काय करू—पोटात थोडं दुखायचंही. माझे शब्द त्यांच्यापेक्षा बिनचूक होते, माझे ण आणि न जिथल्या तिथे होते. माझी मराठी कडक इस्त्रीची. पण माझ्यासाठी काचेपलीकडे कुणी थांबत नसे.

आता त्या शब्दाकडे येते.

हैदराबादेत ‘परसों’ म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. इथला माणूस परसों म्हणाला की ते दोन दिवसांपूर्वीचंही असेल आणि दोन वर्षांपूर्वीचंही. विमलताई हेच मराठीत करायच्या. त्यांच्या ‘परवा’ला हद्दच नव्हती. ‘परवा लगीन झालं की लेकाचं,’ म्हणायच्या, आणि नातू पाटी-दप्तर घेऊन शाळेत निघालेला असायचा. मी त्यांना यावरून चिडवायची. ताई, तुमचा परवा नेमका कितवा, असं विचारायची. त्या पदरात तोंड लपवून हसायच्या. म्हणजे मला तो शब्द पुरता माहीत होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी तो माहीत नसल्यासारखी वागले.

एकदा विमलताई केंद्रावरचं छोटं रेकॉर्डिंग मशीन घेऊन गावी गेल्या आणि आईला दळायला बसवून तिच्या जात्यावरच्या ओव्या भरून आणल्या. मधेमधे मायलेकींचं बोलणं, कोंबड्यांचा आवाज, जात्याची घरघर. ते कार्यक्रमात वाजलं तेव्हा मी काचेपलीकडे उभी होते, आणि माझ्याबरोबर ते दोघंही. उर्दूवाले म्हातारे चष्मा काढून पुसत होते. मी आयुष्यात रेडिओवर याहून चांगलं काही ऐकलेलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची आई वारली.

टेपांची आमच्याकडे कायम टंचाई. वाजवून झालेली टेप पुसायची आणि तिच्यावरच नवं भरायचं, ही रोजची पद्धत. जी ठेवायची, तिच्या खोक्यावर लाल शाईनं ‘जतन’ लिहून ती लायब्ररीत द्यायची. एका दुपारी विमलताई ओव्यांची टेप घेऊन आल्या. यजमानांचा डबा न्यायचा होता, घाईत होत्या. टेप माझ्या हातात दिली, म्हणाल्या, ‘जतन लिहून देऊन टाक गं.’ मी हो म्हटलं. टेबलावर ठेवली. त्याच दुपारी माझं भाषण रेकॉर्ड व्हायचं होतं—लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, असा विषय—आणि माझं चित्त सगळं त्या लोणच्यात. रेकॉर्डिंगवाल्यांनी बाहेरून विचारलं, पुसायला टेप आहे का एखादी? मी हात लांब केला आणि हाताला लागली ती दिली. लाल शाई लावायची राहिली होती.

ही चूक झाली. चूक कुणाकडूनही होते, आणि एवढंच असतं तर मी आज तुमच्यापुढे बसले नसते.

महिना-दीड महिन्यानं नवीन साहेब बदलून आले. मराठीच, पुण्याकडचे, कामात चोख. दुसऱ्या एका केंद्राला त्या ओव्या हव्या होत्या, म्हणून त्यांनी लायब्ररीत टेप मागवली. मिळेना. मी माझं टेबल उपसलं आणि एका खोक्यात ती टेप निघाली. मशीनवर लावली. मीठ कोरडं भाजून घ्यावं, असं माझाच आवाज सांगत होता—स्वच्छ, बिनचूक. मी शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी तरी थोडं जातं उरलं असेल, असं वाटत होतं. काही उरलं नव्हतं.

साहेबांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. टेप कुठंय, एवढंच विचारलं. विमलताई बिनघोर म्हणाल्या, ‘परवाच दिली की साहेब. हिच्याच हातात दिली.’

साहेब माझ्याकडे वळले. परवा तुमच्याकडे टेप दिली यांनी?

बघा, किती सोपं होतं. हो, दिली होती, माझ्या हातून पुसली गेली—एवढंच म्हणायचं होतं. साहेब रागावले असते, फार तर मला चार महिने बोलावलं नसतं. पण माझ्या डोक्यात काय आलं? नवऱ्याला काय सांगू. शेजारणी काय म्हणतील. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, काचेपलीकडे उभे राहिलेले ते दोघे आले. मी म्हटलं, ‘परवा नाही, सर.’

अक्षराअक्षरानं खरं. परवा बुधवार होता आणि परवा विमलताई केंद्रावर आल्याही नव्हत्या. पुण्याच्या मराठीत मी खरं बोलले. त्या खोलीत ते खोटं होतं, हे साहेबांना कळणार नव्हतं आणि मला कळत होतं.

विमलताई माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता संपलं, आता या म्हणतील, अगं माझा परवा, तुला माहीत नाही का. पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. गोंधळ होता. ‘दिली नाही का गं? आठव की.’ आणि मी पुन्हा म्हटलं—दुसऱ्यांदा, विचार करून, शांतपणे—‘परवा तर नाही, ताई.’

त्यांनी कपाळाला हात लावला. ‘मग घरीच राहिली असंल. माझंच चुकलं, साहेब.’ माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता. मी शब्द मोजून बोलणारी, मी कशाला चुकीचं सांगेन?

साहेब म्हणाले, घरी नीट शोधा, मिळाली की आणा. तोवर कार्यक्रम या करतील. तोवर. ते ‘तोवर’ कधी संपलंच नाही. टेप मिळणार नव्हती, आणि टेप मिळाल्याशिवाय विमलताई केंद्रावर येणार नव्हत्या. रेडिओची वस्तू हरवून पुन्हा रेडिओत तोंड कसं दाखवू, असं त्यांनीच ठरवून टाकलं. तो अर्धा तास माझा झाला, आणि वर्षानुवर्षं माझाच राहिला. मी ‘बसा की घटकाभर’ कधी म्हटलं नाही. ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणत आले. लोकांना तेही आवडायला लागलं.

त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर बरं झालं असतं. उलट त्या दर आठवड्याला ऐकायच्या, आणि बाजारात भेटल्या की माझं कौतुक करायच्या. अमक्या ठिकाणी श्वास चांगला घेतलास, तमकं वाक्य जरा हल्लू घे. एवढं मोठं मन मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्या मनापुढे मी दर वेळी भाजीची पिशवी सावरत उभी राहायची. मग शेवटी त्या हमखास म्हणायच्या, ‘टेप नाही गं मिळाली अजून. आईचा आवाज माझ्याच हातानं घालवला मी.’ दर दिवाळीला, दर पाहुण्याला, दर लग्नाआधी त्या सगळं घर उपसून काढायच्या. शेजारणींना वाटायचं, बाई केवढी टापटीप आहे.

मी मंडळात हे बोलले नाही. मी पिठाच्या हाताची बाई सांगितली, टाचणी सांगितली, लाल दिव्याआधीचं हसू सांगितलं. सगळं खरं. मला तसं खरं बोलायची चांगली सवय आहे.

शेवटचं सांगते. त्या जायच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलगा घराला रंग देत होता, म्हणून सामान सगळं अंगणात आलं होतं. मी सहज गेले होते. विमलताई खुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. मला बघून चेहरा फुलला. ‘बरी आलीस. माळा तेवढा राहिलाय, आन् मला काही चढता येईना. तू बघ गं एकदा. तुझी नजर चांगली हाय.’

मी पदर खोचला आणि स्टुलावर चढले. एकेक डबा खाली देत गेले. त्या झाकण उघडायच्या, आत हात घालून तळापर्यंत चाचपायच्या आणि डबा बाजूला ठेवायच्या. जुने हंडे, लेकाची पुस्तकं, एक मोडका रेडिओ. मी कोपऱ्यातसुद्धा हात घातला. ट्रंकेच्या मागे वाकून बघितलं. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई किती मनापासून शोधतेय. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी शोधत होतो.

खाली उतरले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत धुळीनं भरले होते. विमलताईंनी ओलं फडकं घेऊन ते स्वतः पुसले. म्हणाल्या, ‘लई शोधलंस गं माझ्यासाठी.’

मी म्हटलं, ‘त्यात काय एवढं, ताई.’ आणि त्यांनी केलेला चहा पिऊन घरी आले.