सुनेचा ड्रम आणि माझ्या बशा

आमची सून सुतार आहे. असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे मुलगा ना?" मुलगा बस चालवतो. खिळा ठोकायचा झाला तर तो बायकोला हाक मारतो.

तिला काम शिकवलं ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं दुकान. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच दार. ह्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा करवत सुनेकडे आली आणि हे दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. नुसत्या आवाजावरून सांगायचे, "धार गेलीय. थांब." कौतुक करायचं म्हणजे ह्यांच्या जिवावर येतं. फारच खूश झाले तर म्हणणार, "चालेल." त्या एका शब्दासाठी पोरीनं कपाटाचं एकेक दार तीन-तीनदा घासलेलं मी पाहिलंय.

मग ह्यांना खोकला लागला. आज जाईल, उद्या जाईल करत वर्ष गेलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ह्यांना एका नळीत फुंकायला लावलं, तर काटा निम्म्यावरच अडला. बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांची धूळ आहे छातीत. झालं ते झालं, पण आता नवी जायला नको. दोन महिन्यांनी परत फुंका. काटा आणखी खाली आला तर दुकान तरी घराबाहेर काढा, नाही तर ह्यांना दुसरीकडे राहायला पाठवा."

दुसरीकडे म्हणजे लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर. लेक गुणाची आहे, पण तिथे ना लाकूड ना करवत. हे आठवड्यातच बसल्या जागी ओंडका झाले असते.

घरी आल्या आल्या सून म्हणाली, "बाबा, मी दुकान बंद करते."

हे उसळलेच. "माझ्या खोकल्यापायी तुझा रंधा बंद? मग एवढी वर्षं मी शिकवलं कुणाला, भिंतीला?"

"बरं, मग धूळ बंद करू," ती म्हणाली आणि पेन्सिल कानामागून काढून कागदावर रेघा मारायला बसली.

तिनं झाकणाचा एक मोठा ड्रम आणला. झाकणाला दोन भोकं पाडली. एका भोकातून नळी आली ती करवतीच्या मशीनपाशी, दुसऱ्यातून गेली ती धूळ ओढायच्या मशीनकडे. भुसा ड्रममध्ये शिरून गरगर फिरायचा आणि तळाशी बसायचा. ओढायचं मशीन तिनं भिंतीला भोक पाडून बाहेर अंगणात नेऊन ठेवलं. का, तर म्हणे त्याच्या मागून जी बारीक धूळ सुटते तीही घरात नको. घासकामासाठी भोकाभोकांचं टेबल केलं, त्याच्या खालून हवा ओढली जाते. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली. कामाचे कपडे दुकानातच खुंटीला. ह्यांची खुर्ची दारापासून स्वयंपाकघरात सरकली आणि घासकाम चालू असताना दार बंद. ह्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग कान दाराला लावून बसायला लागले.

सून म्हणाली, "आई, जाडा भुसा दिसतो, पण छातीत जाते ती धूळ डोळ्यांना दिसतच नाही. कमी झाली की नाही हे कळायचं कसं?"

आता हे मला विचारावं? तेलाच्या डब्यावर धूळ कशी चिकटून बसते हे कळायला जन्मभर डबे घासलेल्या बाईला शाळेत जावं लागत नाही. मी सहा पांढऱ्या बशा काढल्या, तेलाचं बोट फिरवलं आणि घरभर ठेवल्या. एक ह्यांच्या उशाशी.

"बशांना तेल कशाला? तळतेस की काय?" हे म्हणाले.

"तुमची धूळ तळते," मी म्हटलं.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी बशा करड्या. दुसऱ्या आठवड्यातही तेच. सुनेनं नळ्यांचे जोड पुन्हा आवळले, पट्टी बदलली. बशा हटून बसल्या. तिनं बाहेर जागा बघायला सुरुवात केली, लांबच्या एका गाळ्यात. ह्यांनी दाराला कान लावणं सोडून दिलं. ते मला खोकल्यापेक्षा जड गेलं.

मग एक दिवस ती गिऱ्हाइकाकडे कपाट बसवायला गेली, ती संध्याकाळीच परतली. दिवसभर करवत फिरली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या उशाची बशी रोजच्यासारखीच करडी!

सून बशी हातात घेऊन उभीच राहिली. "काल तर काही कापलंच नाही. दुकानात कोण गेलं होतं?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"मी काय केलं? मी नुसतं झाडलं," मी म्हटलं.

दुकान झाडणं माझं काम. लग्न होऊन आले तेव्हापासून. ह्यांचा नियमच होता, जागा झाडल्याशिवाय दिवसाचं काम संपलं म्हणायचं नाही. कोपरान्‌कोपरा मी खराट्यानं असा खसाखसा झाडायचे की बघणाऱ्यानं म्हणावं, काय लख्ख बाई आहे! दार सताड उघडं ठेवून. म्हणजे पोर दिवसभर धूळ पकडून ठेवत होती आणि मी रोज संध्याकाळी तीच धूळ घरभर फिरायला सोडत होते.

सून हसली नाही, रागावलीही नाही. खाली बसून माझा हात धरला. "आई, चूक माझी. नळ्या मोजल्या, माणसं मोजायची राहिली."

अशी सून असल्यावर रुसायचीही सोय नाही. तरी मी दुपारपर्यंत रुसले. मग तिनं नळीला पुढे रुंद तोंड बसवून दिलं आणि ओलं फडकं हातात ठेवलं. दार लावून, तोंडाला फडकं बांधून मी दुकानातली धूळ नळीनं ओढून आणि फडक्यानं पुसून घेऊ लागले. चौथ्या दिवशी बशी पांढरी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. पांढरीच.

दोन महिन्यांनी ह्यांनी फुंकलं. काटा खाली आला नाही, उलट दोन घरं वर चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू द्या दुकान. पण केलंत काय?"

बस! ह्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर ड्रमचं चित्र काढून दाखवायला लागले. कुठलं भोक कुठे, हवा कशी फिरते, बाहेरचे पेशंट ताटकळलेले. जसं काही सगळं ह्यांनीच केलं. आता गावातले सुतार बघायला येतात, त्यांनाही हेच समजावतात. सून शेजारी उभी राहून गालातल्या गालात हसते.

परवा मला राहवलं नाही. पाहुण्या सुतारादेखत म्हटलं, "अहो, ड्रम सुनेचा, बशा माझ्या. ह्यात तुमचा फक्त खोकला."

ह्यांनी ड्रमवर एक टिचकी मारली, मग सुनेकडे पाहिलं.

"चालेल," म्हणाले.